४२९४९६७२९७ : एका संख्येची साद्यंत तपासणी

४२९४९६७२९७. वाचायची झाली तर ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. दहा अंकी, विषम, एककस्थानी ७. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने भाग जात नाही, बाकी २ उरते. ७ ने भागलं तर बाकी ५, ११ ने भागलं तरी ५, १३ ने भागलं तर १०. शाळेत शिकलेल्या कसोट्या इथे संपतात, आणि ही संख्या मूळ की संयुक्त याचा अजून पत्ता नसतो.

दहा अंकी संख्या ९ अब्ज आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींकडे कोणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. हिच्या वाट्याला एवढं लक्ष आलं ते तिच्या घडणीमुळे. २ चा ३२ वा घात (पुढे २^३२ असं लिहितो) म्हणजे ४२९४९६७२९६. त्यात १ मिळवला की ही संख्या. ३२ हासुद्धा २ चाच घात आहे. घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत न्या आणि दर वेळी २ च्या घातात १ मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या. पुढची आपली. क्रमांक शून्यापासून देण्याची रीत असल्यामुळे हिला ‘पाचवी फर्मा संख्या’ म्हणतात.

१६४० साली फ्रेंच गणिती पिएर द फर्माने फ्रेनिकल या आपल्या गणिती पत्रमित्राला लिहिलं की या मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असं आपल्याला वाटतं. नेमकी सिद्धता हाताशी नाही हेही त्याने मोकळेपणाने लिहिलं. मात्र पुष्कळसे विभाजक आपण पक्क्या युक्तिवादाने बाद केले आहेत, असंही जोडलं. पहिल्या पाच संख्या मूळ आहेत हे पाहणं अवघड नव्हतं. म्हणजे दाव्याची पहिली खरी परीक्षा होती ती याच संख्येवर. ती व्हायला ९२ वर्षं लागली.

आकाराचं निमित्त टिकत नाही

‘त्या काळी एवढी मोठी संख्या कोण तपासणार’ हे स्पष्टीकरण सहज दिलं जातं. मला ते पटत नाही. संख्या संयुक्त असेल तर तिचा एखादा मूळ अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा लहान असलाच पाहिजे. इथे वर्गमूळ ६५५३६ पेक्षा केसभर जास्त, आणि तिथवरच्या मूळ संख्या ६५४२. एवढे भागाकार हाताने करायचे म्हणजे जिवावरचं काम, हे खरं. पण जो विभाजक शेवटी सापडला तो ६४१, आणि तो मूळ संख्यांच्या यादीत ११६ वा आहे. २, ३, ५ पासून ओळीने भागत गेलेल्या चिकाटीच्या माणसाला ११६ व्या भागाकाराला उत्तर मिळालं असतं. त्यासाठी बुद्धीची झेप नको होती, फक्त बसायची तयारी हवी होती.

१ डिसेंबर १७२९ च्या पत्रात गोल्डबाख या गणितज्ञाने आपला गणिती मित्र ऑयलर याला फर्माच्या या विधानाबद्दल विचारलं. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता, वय २२. सुरुवातीला त्याने फारसं मनावर घेतलं नाही. १७३२ मध्ये मात्र त्याने जाहीर केलं की ६४१ ने या संख्येला निःशेष भाग जातो:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

त्या टिपणात ६४१ कसा सापडला हे नाही. त्यामागचा युक्तिवाद त्याने नंतरच्या एका लेखात दिला, आणि या प्रकरणातला सगळ्यात चोख भाग तोच आहे.

यादी कशी आटते

समजा p ही मूळ संख्या आपल्या संख्येचा अवयव आहे. मग २^३२ + १ ला p ने भाग जातो, म्हणजे २^३२ ला p ने भागल्यावर बाकी p पेक्षा एक कमी उरते. सोयीसाठी या बाकीला −१ म्हणू. वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता विचारायचं: २ चा कोणता सर्वांत लहान घात p ने भागल्यावर बाकी १ देतो? तो घातांक ६४ चा विभाजक असायला हवा. पण ३२ ला बाकी −१ आहे, १ नव्हे. म्हणून तो ३२ किंवा ३२ चा कुठलाही विभाजक असू शकत नाही. उरला फक्त ६४.

इथे फर्माचंच दुसरं प्रमेय कामाला येतं: p मूळ असेल आणि p ने पायाला भाग जात नसेल, तर पायाच्या (p − १) व्या घाताची बाकी नेहमी १ येते. म्हणून p − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. म्हणजे p चं रूप ६४ × क + १ (क ही १, २, ३ अशी कुठलीही पूर्ण संख्या).

६५४२ उमेदवारांची यादी एका फटक्यात आटली. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. या दहांपैकी मूळ संख्या पाचच: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१.

प्रत्येकीसाठी दहा अंकी भागाकारही करावा लागत नाही. २५६ म्हणजे २^८. त्याचा वर्ग २^१६, पुन्हा वर्ग २^३२. दर पायरीला फक्त बाकी ठेवायची. १९३ घ्या: २५६ ची बाकी ६३, तिच्या वर्गाची १०९, त्याच्या वर्गाची १०८. हवी होती १९२; बाद. २५७ तर तोंडीच जातो: २५६ ची बाकी −१, वर्ग केला की १, पुन्हा १. ४४९ ला २^१६ ची बाकी −१८ येते, म्हणून २^३२ ची ३२४. हवी होती ४४८. ५७७ ला ३३५ आणि मग २८७. हवी होती ५७६. आता ६४१: २^१६ म्हणजे ६५५३६, त्यातून ६४१ × १०२ = ६५३८२ वजा, उरले १५४. १५४ चा वर्ग २३७१६, त्यातून ६४१ × ३६ = २३०७६ वजा, उरले ६४०. म्हणजेच −१. सापडला.

ही सगळी आकडेमोड पोस्टकार्डाच्या पाठीवर मावेल.

उत्तर माहीत झाल्यावर त्याहून आखूड सिद्धताही देता येते. ६४१ दोन प्रकारे लिहा: ५ × २^७ + १ आणि ५^४ + २^४, म्हणजे ६४० + १ आणि ६२५ + १६. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ ची −१. संपलं. सिद्धता सुरेख आहे, पण ६४१ कुठून आला याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. निव्वळ सौंदर्यावर जायचं तर लोक हीच सांगतात. शोध कसा लागतो हे पाहायचं असेल तर वरची यादीच महत्त्वाची.

१८७८ मध्ये ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ही यादी आणखी निम्मी केली. p चं रूप ६४क + १ असेल तर ८ ने भागल्यावर p ची बाकी १ येते, आणि अशा मूळ संख्येसाठी २ ची बाकी ही कुठल्या तरी वर्गाची बाकी असते. त्या वर्गाच्या मुळाला १ वर परतायला ६४ च्या दुप्पट, म्हणजे १२८ घात लागतात. म्हणून p − १ ला १२८ ने भाग जातो. आता उमेदवार १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१; त्यांतले मूळ दोनच, २५७ आणि ६४१. आणि २५७ तर स्वतःच आधीची फर्मा संख्या. पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी भरतो, म्हणून ३, ५, १७, २५७, ६५५३७ यांपैकी कुणीही भागलं तरी बाकी २ च. तेव्हा ल्यूकाच्या यादीत करून पाहायचा पहिलाच भागाकार ६४१ चा.

दुसरा अवयव

६४१ सापडला म्हणून तपासणी पुरी होत नाही. ६७००४१७ चे आणखी अवयव पडतात का? सात अंकी संख्या, वर्गमूळ २५८८ च्या जरा पुढे. पण तिचा कुठलाही मूळ अवयव ४२९४९६७२९७ चाही अवयव असणार, म्हणजे त्याला १२८क + १ हेच रूप लागू. २५८८ पर्यंत अशा संख्या वीस. त्यांत मूळ पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ वर सांगितल्याप्रमाणे बाद. उरलेल्या चारांनी भागून पाहा: ६४१ ने बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. चार भागाकारांत सात अंकी संख्या मूळ ठरली.

म्हणजे या संख्येचे विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः. स्वतःला वगळून बेरीज ६७०१०५९. संख्येच्या मानाने ती अगदीच किरकोळ, त्यामुळे परिपूर्ण संख्येच्या (जिच्या स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते) आसपासही ही फिरकत नाही. तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या लहान संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०.

१८१२ मध्ये लंडनला आणलेल्या झेरा कोलबर्न या आठ वर्षांच्या अमेरिकन मुलापुढे हीच संख्या ठेवली होती, आणि त्याने कागदाला हात न लावता ६४१ सांगितला अशी नोंद आहे. वरचे आकडे पाहिल्यावर हे अशक्य वाटत नाही. कमालीचं मात्र आहेच.

फर्माकडून हे कसं सुटलं

हत्यार त्याच्याकडे होतं, यात शंका नाही. त्याच १६४० साली त्याने २^३७ − १ चा अवयव २२३ शोधला होता. युक्ती हीच. त्या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ७४क + १ या रूपाचा असतो. ७५, १४९, २२३ असं ओळीने पाहत गेलं की तिसऱ्याच संख्येने भाग जातो. ज्याने ते केलं त्याला ६४क + १ ची यादी करणं जड नव्हतं. मग एक तर त्याने यादी केलीच नाही, किंवा केली आणि ६४१ च्या भागाकारात कुठेतरी हात चुकला. पुष्कळ विभाजक बाद केल्याचं तो स्वतः लिहितो, म्हणून मला दुसरी शक्यता जास्त पटते. हा अर्थात कयास.

त्याच्या नावाने ओळखली जाणारी अवयव पाडण्याची पद्धत मात्र इथे काहीच कामाची नव्हती. त्या पद्धतीत संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडायची, आणि शोध वर्गमुळापासून सुरू करायचा. दोन अवयव जवळजवळ सारखे असतील तर ती झटकन फळते. इथे एक अवयव दुसऱ्याच्या दहा हजारपटीहून मोठा. सुरुवात ६५५३७ पासून आणि मुक्काम ६४१ व ६७००४१७ यांच्या सरासरीला, म्हणजे ३३५०५२९ ला. मधल्या पायऱ्या ३२ लाख ८५ हजारांच्या घरात.

जी कसोटी फसते

आता जरा अवघडलेला भाग. फर्माचं जे प्रमेय वर वापरलं, तेच उलट्या बाजूने कसोटी म्हणून वापरायचा मोह होतो: तपासायच्या संख्येला ‘न’ म्हणा, २ चा (न − १) वा घात काढा, न ने भागा, बाकी १ आली नाही तर न नक्की संयुक्त. आली तर? पुष्कळदा मूळ. पुष्कळदा, नेहमी नव्हे. ३४१ ही ११ × ३१ असूनही या कसोटीतून पार होते.

आपली संख्याही पार होते, आणि तिच्या बाबतीत तो योगायोग नाही. २^३२ ला तिने भागलं तर बाकी −१ हे उघड आहे, ती २^३२ पेक्षा १ नेच मोठी आहे. म्हणून २^६४ ची बाकी १. आणि न − १ म्हणजे २^३२, ज्याला ६४ ने बिनबोभाट भाग जातो. तेव्हा २ च्या (न − १) व्या घाताची बाकी १ येणारच. हाच युक्तिवाद प्रत्येक फर्मा संख्येला लागू पडतो. मिलर-राबिन ही जास्त कडक कसोटीसुद्धा २ हा पाया घेतला तर हिला पकडत नाही. ज्या संख्येची घडणच २ ची आहे, तिची चौकशी २ कडे करून उपयोग नाही.

पाया ३ घ्या आणि चित्र पालटतं. ३ पासून सुरू करून वर्ग, बाकी, पुन्हा वर्ग, पुन्हा बाकी, असं ३२ वेळा केलं की शेवटी ३०२९०२६१६० उरतात. १ हवा होता, संख्या संयुक्त. १८७७ मध्ये पेपँ या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की फर्मा संख्यांसाठी एक पायरी आधी थांबलं तर कसोटी दोन्ही बाजूंनी पक्की होते: ३१ व्या वर्गानंतर बाकी −१ असेल तर संख्या मूळ, नसेल तर संयुक्त, मधलं काही नाही. इथे ३१ व्या पायरीला येतात १०३२४३०३. पडताळा घ्यायचा असेल तर ६४१ आहेच: १०३२४३०३ ला ६४१ ने भागा, बाकी ३५७, ३५७ च्या वर्गाची बाकी ५३१, आणि ३०२९०२६१६० ला ६४१ ने भागलं तरी ५३१ च.

या कसोटीची खोड एवढीच की ती निकाल देते, अवयव देत नाही. संयुक्त असल्याचं सिद्ध झालंय पण एकही अवयव ठाऊक नाही, अशा फर्मा संख्या आहेत. विसावी आणि चोविसावी ही त्यांतलीच.

दोन वर्गांची बेरीज, दोनदा

मला स्वतःला या संख्येचा सगळ्यात आवडणारा गुण हा. ती ६५५३६² + १² आहे हे तर तिच्या घडणीतच दिसतं. पण ती आणखी एका प्रकारे दोन वर्गांची बेरीज होते:

६२२६४² + २०४४९² = ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१ = ४२९४९६७२९७

(२०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग, हे वरकड.) ४ ने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. इथे दोन प्रकार निघाले, म्हणजे संख्या मूळ असूच शकत नाही. एकही भागाकार न करता निकाल लागला. शिवाय पेपँच्या कसोटीसारखा हा पुरावा मुका नाही, तो अवयवही हाती देतो. रीत ऑयलरचीच.

दोन्ही मांडण्यांची वजाबाकी करा: ६५५३६² − ६२२६४² = २०४४९² − १². डावीकडे ३२७२ × १२७८००, उजवीकडे २०४४८ × २०४५०. ३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि ८. त्यांचे उरलेले भाग ४०९ आणि २५५६. १२७८०० ला २५५६ ने भागलं तर ५०, आणि २०४५० ला ४०९ ने भागलं तरी ५०. ८ आणि ५० यांचे अर्धे ४ आणि २५. आता वर्ग घ्या: ४² + २५² = १६ + ६२५ = ६४१. आणि ४०९² + २५५६² = १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७. दोन्ही अवयव समोर.

दुसरी मांडणी शोधायची कशी, हा प्रश्न उरतोच. अवयव माहीत असतील तर ती पटकन बनवता येते, नसतील तर शोध लांबतो. तेव्हा व्यवहारात या वाटेने पहिल्यांदा ६४१ कुणी गाठला नसता.

शेजारी

तिच्याहून २ ने लहान असलेली ४२९४९६७२९५ ही ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. गाऊसने वयाच्या अठराव्या वर्षी, १७९६ मध्ये, पट्टी-कंपासने १७ बाजूंची नियमित आकृती रचता येते हे दाखवलं, आणि पुढे नियम असा ठरला की बाजूंच्या विषम संख्येत फक्त वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्याच अवयव म्हणून चालतात. त्यामुळे ४२९४९६७२९५ बाजूंची आकृती तत्त्वतः रचता येते, आणि विषम बाजूंच्या ज्ञात रचनीय आकृत्यांमध्ये तीच सर्वांत मोठी. दोन बाजू वाढवून आपल्या संख्येवर आलात की रचना अशक्य: ६४१ ही मूळ असली तरी फर्मा संख्या नाही. संगणकाच्या ३२ बिटांच्या बिनचिन्ही कप्प्यात मावणारी सर्वांत मोठी संख्याही ४२९४९६७२९५ च. आपली संख्या त्या कप्प्यात कोंबली तर वरचा बिट गळून पडतो आणि उरतो नुसता १.

पुढची शेजारीण म्हणजे २^६४ + १. तिथे ऑयलरची यादी १२८क + १ ची आणि ल्यूकाची २५६क + १ ची. पाचव्या संख्येला ल्यूकाच्या यादीत क = ५ लाच यश आलं. सहावीचा सर्वांत लहान अवयव २७४१७७, म्हणजे क = १०७१. ऑयलरच्या यादीत तोच २१४२ वा. युक्ती तीच, हिशेबही तसेच, पण तो अवयव क्लाउझन या गणितज्ञाच्या हाती लागला १८५५ मध्ये. त्यानंतर ३२ व्यापर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त ठरल्या आहेत; ६५५३७ नंतर एकही मूळ सापडलेली नाही. ३३ वीचा निकाल अजून लागायचा आहे.